थांब्यावरून वाचलेला इतिहास

उमरग्याच्या चौरस्त्यावर सकाळच्या प्रहरी तासभर उभे राहणाऱ्या माणसाला, त्याने जरा लक्ष देऊन पाहिले तर, एक गोष्ट दिसते, आणि ह्या ग्रंथाच्या निमित्ताने मला प्रथम तीच सांगावीशी वाटते. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरून महाराष्ट्राची लाल गाडी येते, मागोमाग कलबुर्गी-बिदरच्या बाजूची कर्नाटकाची गाडी येते आणि हैदराबादेहून पुण्या-मुंबईकडे निघालेली तेलंगणाची गाडीही तेथेच क्षणभर विसावते. तिघींच्या पाट्यांवरील लिपी निराळी, दर निराळे, वाहकांची भाषा निराळी. आणि तरीही ह्या तिन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या आहेत. १९३२ साली निजामाच्या सरकारी रेल्वेने जे मोटारखाते काढले, त्याचीच १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वाटणी झाली. तेलंगणाचा हिस्सा आंध्र प्रदेशाकडे गेला, बिदर, गुलबर्गा आणि रायचूर ह्या जिल्ह्यांचा म्हैसूरकडे, आणि आम्हा मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचा मुंबई राज्याकडे. वाडा वाटला गेला तरी तुळया त्याच लाकडाच्या राहतात; हे नाते चौरस्त्यावरच्या उतारूला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक करून द्यावे असे संकलनकर्त्यांना वाटले, हेच ह्या ग्रंथाचे पहिले मोल होय.

मी मुरुमचा. आमचे गाव हमरस्त्यावर नाही. मुरुम मोडावर उतरून आत यावे लागते आणि गावाच्या पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. बाजारात मराठी जितकी ऐकू येते तितकीच कन्नडही ऐकू येते आणि दोन्ही भाषांत गाडीला ‘गाडी’च म्हणतात. रेल्वेने ह्या मुलखाला दोन्ही अंगांनी वळसा घातला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६० मध्ये सोलापुरास पोहोचले आणि १८७१ पर्यंत गुलबर्ग्यावरून रायचूरला जाऊन मद्रासच्या रुळांना मिळाले. उत्तरेकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी १८९७ मध्ये सुरू होऊन १९११ मध्ये लातूरला टेकली. ह्या दोन मार्गांच्या मध्ये नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा, मुरुम हा जो विस्तीर्ण पट्टा उरला, त्याच्या वाट्याला इंजिनाची शिटी कधी आली नाही. जेथे रेल्वे आहे तेथे बस ही तिची धाकटी बहीण असते. जेथे रेल्वे नाही तेथे बस हीच घरची कर्ती असते, आणि म्हणून आमच्या भागातल्या बसचा इतिहास हा वाहनांचा इतिहास न राहता माणसांच्या आयुष्याच्या परिघाचा इतिहास होतो.

नवागत वाचकासाठी ह्या क्षेत्राचा विस्तार थोडक्यात मांडणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. सार्वजनिक बसची कल्पना इंग्लंडात रुजली ती शहरांत. जॉर्ज शिलिबीर ह्याने १८२९ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत तीन घोड्यांची मोठी गाडी सुरू केली, त्याआधी मँचेस्टरजवळ १८२४ मध्येच तसा प्रयोग झाला होता. आणि आपल्याकडे १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. परंतु शहरातील बस माणसाला घरातून कामावर आणि कामावरून घरी नेते, तिचे दोन्ही टोकांचे जग एकच असते. आमची बस मात्र माणसाला एका जगातून दुसऱ्या जगात नेते, खेड्यातून तहसिलीत, कोर्टात, दवाखान्यात, कॉलेजात, लेकीच्या सासरी. ‘स्थानिक बससेवा’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो खरा, पण त्यातील ‘स्थान’ ह्या पदाचा अर्थ आमच्याकडे अधिक खोल आहे.

सरकारी गाडीच्या आधी ह्या भागात छकडे होते, दमण्या होत्या, पाय होते, आणि मग आली ती खाजगी मालकाची ‘सर्व्हिस मोटार’. तिला वेळापत्रक नव्हते. ती भरली म्हणजे सुटे. तिच्या पुढच्या बाजूस वाकून लोखंडी हँडल फिरवणारा मनुष्य जेव्हा घामाघूम होई तेव्हा आतल्या उतारूंना प्रवास सुरू झाल्याची खूण पटे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा देशभर अशा मोटारींच्या पाठीवर कोळशाचा गॅस तयार करणारी टाकी बसवली जाई, आणि चढ आला की उतारूंनी उतरून चालावे हा अलिखित नियमच होता. ह्या मालकांना आज कोणी विचारीत नाही. परंतु रस्त्याचा पहिला धोका त्यांनी पत्करला, आणि कोणत्या खेड्यातून किती माणसे हलतात हे ज्ञान प्रथम त्यांच्याच हिशेबाच्या वह्यांत उतरले, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

निजामाच्या राज्यात मात्र एक असाधारण गोष्ट घडली, तिच्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे. १९३० मध्ये तेथील रेल्वे सरकारच्या ताब्यात आली, आणि रस्त्यावरची मोटार रुळांवरचे उतारू पळवू लागली आहे हे ध्यानी येताच, स्पर्धेला परवाने देऊन तिचे नियंत्रण करीत बसण्याऐवजी, सरकारने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन स्वतःच मोटारसेवा सुरू केली. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरी बनणाऱ्या अल्बियन कंपनीच्या गाड्या त्या खात्यात होत्या. रस्त्यावरील उतारू-वाहतूक सरकारने स्वतःच्या अंगावर घेण्याचा हिंदुस्थानातील हा पहिला उपक्रम होय. लोकसेवेच्या उदात्त भावनेपेक्षा रेल्वेच्या महसुलाची काळजी त्यामागे अधिक होती, आणि तरीही त्यातून छापील तिकीट, ठरलेली वेळ, गणवेशधारी वाहक आणि उतारूला मागता येणारी पावती ह्या चार गोष्टी ह्या मुलखाला प्रथम मिळाल्या. हेतू संकुचित आणि परिणाम व्यापक अशी उदाहरणे राज्यकारभाराच्या इतिहासात विरळ नाहीत. हे त्यांतले एक. हैदराबादच्या गाड्यांच्या क्रमांकात पुढे जे ‘झेड’ अक्षर टिकून राहिले, ते निजामाच्या मातोश्री झहरा बेगम ह्यांच्या नावावरून घेतले असे लोक सांगतात; ती दंतकथा असेल, पण खाते आणि राजघराणे ह्यांचे नाते जनमानसात कसे रुजले होते ह्याची साक्ष ती देते.

त्या काळात सोलापूर आणि नळदुर्ग ह्यांच्या दरम्यानची हद्द ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी अंमल. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव खेड्यातल्या म्हातारीलाही तोंडपाठ. मध्ये करोडगिरीचा नाका, जेथे बोचकी उघडली जात आणि नव्या कापडावर, भांड्यांवर जकात बसे. आजच्या तरुणाला सोलापूरला जाणे म्हणजे दोन तासांत बाजार करून परतणे वाटते. त्याच्या आज्याला ते परमुलखात जाणे वाटत असे. १९४७-४८ च्या रझाकारी अमदानीत ही हद्द भयाची झाली, आणि १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हिंदी फौजा निघाल्या त्या ह्याच रस्त्याने: सोलापूरहून नळदुर्ग, मग येणेगूर, मग उमरगा. ज्या डांबरी पट्ट्यावर आपण रोज धक्के खातो, त्याच पट्ट्यावरून एक राज्य चार दिवसांत इतिहासजमा झाले. बससेवेचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणूनच रस्त्याचा इतिहास टाळता येत नाही.

त्याच वर्षी, पोलीस कारवाईच्या साडेतीन महिने आधी, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी मुंबई प्रांताची पहिली एस.टी. धावली; किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक. निळ्या-रुपेरी रंगाच्या, लाकडी सांगाड्याच्या त्या बेडफोर्ड गाडीचे महत्त्व थोर आहे आणि तिचा वर्धापनदिन सर्वत्र साजरा होतो ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्राच्या बससेवेचा आरंभ म्हणून केवळ ती एकच तारीख सांगण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी मराठवाड्याच्या वतीने एक नम्र पण स्पष्ट आक्षेप नोंदवणे मला अगत्याचे वाटते. आमच्याकडे सरकारी गाडी त्याआधी सोळा वर्षे आली होती. १९५१ मध्ये ती रेल्वेपासून वेगळी होऊन हैदराबाद राज्याच्या स्वतंत्र खात्याकडे गेली, १९५६ नंतर ‘राज्य परिवहन, मराठवाडा’ ह्या नावाने चालली, आणि १९६१ मध्ये मुंबईची सेवा, नागपूरची प्रांतिक सेवा आणि आमची सेवा ह्या तिन्हींचे मिळून आजचे महामंडळ झाले. तीन नद्यांच्या संगमाला एकाच नदीचे नाव दिले गेले. जिचे नाव टिकले तिचाच उगम लोक शोधू लागले.

विलीनीकरणानंतरच्या अर्धशतकाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण ते बहुतेकांना परिचित आहे. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून आणि मागाहून औरंगाबादनजीक चिकलठाण्याहून गाड्यांचे सांगाडे बांधून निघू लागले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनी ‘एशियाड’ हे नाव दिले. आगारे वाढत वाढत अडीचशेच्या घरात गेली, आणि आमच्या धाराशिव विभागात उमरगा, तुळजापूर, भूम, परंडा, कळंब आणि धाराशिव अशी सहा आगारे नांदू लागली. ‘रस्ता तेथे एस.टी.’ हे ब्रीद त्या काळात घोषणा राहिले नव्हते, ते एक प्रशासकीय कर्तव्य झाले होते.

ह्या विषयावरील लेखनाचे जे निरनिराळे संप्रदाय आहेत त्यांचा विचार आता केला पाहिजे. पहिला संप्रदाय मुख्य कचेरीचा: त्यात अध्यक्षांची यादी असते, गाड्यांची संख्या असते, उद्घाटनांची छायाचित्रे असतात. दुसरा अर्थशास्त्रज्ञांचा, जो प्रत्येक फेरीला किलोमीटरमागे किती उत्पन्न आले हे पाहतो आणि ज्या फेरीला ते येत नाही तिला ‘तोट्याची’ असा शेरा मारतो. तिसरा छंदिष्टांचा, ज्याची परंपरा इंग्लंडात फार समृद्ध आहे. तेथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ऑम्निबस सोसायटीसारख्या संस्थांच्या सभासदांनी एकेका परगण्यातील, एकेका शहरातील गाड्यांचे क्रमांक, मार्ग आणि मालक ह्यांचा इतका सूक्ष्म दप्तरखाना जमवला आहे की आपण थक्क व्हावे. मराठीत हा तिसरा संप्रदाय क्षीण आहे आणि त्याची उणीव मला मनापासून खटकते, कारण प्रेमाने केलेल्या नोंदीच पुढे संशोधकाचा आधार होतात. चौथा संप्रदाय लोकस्मृतीचा. तो ग्रंथांत नाही, पारावर आहे. प्रस्तुत ग्रंथ ह्या चौथ्या संप्रदायाला पहिल्या तीनांची शिस्त लावू पाहतो.

लोकस्मृती म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला मुक्कामी गाडीकडे यावे लागेल. लहानपणी मावशीच्या गावी मी ती फार जवळून पाहिली आहे. दिवेलागणीनंतर वेशीपाशी दोन पिवळे दिवे दिसत, कुत्री भुंकत पुढे धावत आणि गाडी मारुतीच्या देवळापुढच्या उताराला येऊन उभी राही. उताराला का, हे मला चालकानेच सांगितले होते: थंडीत बॅटरी रुसली तर पहाटे ब्रेक सोडून नुसती घरंगळवली की इंजिन पकड घेते. वाहक कंदिलाच्या उजेडात आसनावर मांडी घालून बसे, तिकिटांची पेटी पुढ्यात घेई, एकेका किमतीच्या रंगीत पुड्यांचा शेवटचा क्रमांक वे-बिलावर लिही आणि सुट्या नाण्यांच्या चवडी लावी. त्या वेळी कोणी त्याच्याशी बोलत नसे. पूजेत बसलेल्या माणसाशी बोलू नये तसे. हिशेब जुळला की तो मान वर करी आणि मग कोणाच्या तरी घरून आलेली भाकरी आणि पिठले दोघे मिळून खात. गावाचे निरोप त्यांच्यापाशी जमत. कोणाला सोलापूरहून औषधाची बाटली हवी असे, कोणाला उमरग्याच्या वकिलाकडून तारीख. हे काम त्यांच्या सेवानियमांत कोठेही नव्हते आणि ते त्यांनी कधी नाकारलेले मी पाहिले नाही. पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन टपावर चढत, कॉलेजची पोरे ओल्या केसांनी येत, पहिलटकरीण लेक माहेरी निघालेली असे, आणि छताला बांधलेल्या दोरीची घंटा दोनदा वाजली की गावाचा दिवस सुरू होई. एक घंटा थांबण्याची, दोन निघण्याची. ही भाषा शाळेच्या आधी आम्हाला येत होती.

अर्थशास्त्रज्ञाच्या वहीत ही मुक्कामी फेरी बहुधा तोट्याची ठरते. रात्री ती रिकामी येते, म्हणून तिला तोटा. पण ती रात्री आली नाही तर पहाटे ती कोठून निघणार, आणि पहाटे निघाली नाही तर दहाच्या कोर्टाला, अकराच्या परीक्षेला कोण पोहोचणार? फेरीचा हिशेब फेरीपुरता करता येत नाही, हे ह्या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे आणि मी त्याच्याशी पूर्णतः सहमत आहे. टप्प्याचेही असेच. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. टप्प्याची रेघ गावाच्या अलीकडे पडली की पलीकडे, ह्यावर मजुराच्या रोजच्या खर्चाची आकडेमोड ठरते. विनंती थांब्यासाठी, टप्पा सरकवण्यासाठी, शाळेच्या वेळेशी फेरी जुळवण्यासाठी खेड्यापाड्यांतून जे अर्ज गेले, ते आमच्या ग्रामीण लोकशाहीचे अस्सल दस्तऐवज आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरच्या परिसरातील गावे नव्या जागी वसली, तेव्हा नव्या वसाहतीला गावपण देणाऱ्या गोष्टींत थांब्याची पाटी ही एक होती.

आणि मुली. ह्या एका विषयासाठी स्वतंत्र ग्रंथ व्हावा. सातवीपर्यंतची शाळा गावात आणि पुढची चार कोसांवर, अशा स्थितीत बापाने मुलीला पुढे शिकवावे की न शिकवावे हा प्रश्न पुष्कळ घरांत पाटी-पुस्तकाचा नव्हता, संध्याकाळी परत येणाऱ्या गाडीचा होता. मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास आले, पुढे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आल्या, आणि मुरुमच्या कॉलेजात भोवतालच्या खेड्यांतल्या मुली येऊ लागल्या. ह्या घटनांचा क्रम योगायोगाचा नाही.

ह्या विषयाचे आजचे महत्त्व कशात आहे हेही ह्यातच आले. काळी-पिवळी जीप आणि घरोघरची मोटारसायकल ह्यांनी फेरी दुबळी केली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन पुढील एप्रिलपर्यंत चाललेल्या संपाने महिनोन्महिने थांबे ओस पाडले, आणि गाडी नसली म्हणजे काय होते हे एका पिढीला प्रथमच कळले. पाठोपाठ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला, तेव्हा त्याच थांब्यांवर पुन्हा दाटी झाली. इंग्लंडचा अनुभवही येथे ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे १९८५ च्या कायद्याने, २६ ऑक्टोबर १९८६ पासून, लंडन वगळता सर्वत्र बससेवा बाजाराच्या स्वाधीन करण्यात आली. मँचेस्टरसारख्या महानगराच्या परिसरात किफायतशीर रस्त्यावर अनेक कंपन्यांची झुंबड आणि आडबाजूच्या वस्तीला दुर्लक्ष अशी अवस्था झाली. आणि अखेर सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ ह्या काळात तेथील लोकनियुक्त प्रशासनाने मार्ग, दर आणि वेळापत्रक हे सारे टप्प्याटप्प्याने पुन्हा आपल्या हाती घेतले. सदतीस वर्षांनी ते ज्या ठिकाणी परतले, तेथून आपण आज निघू पाहत आहोत काय, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो, आणि माझे उत्तर लपवीत नाही: निघू नये.

आता ग्रंथाविषयी. संकलनकर्त्यांनी काळानुक्रम सोडून स्थानानुक्रम घेतला आहे. नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत आणि मुरुम मोडापासून आळंदच्या दिशेने एकेक थांबा घेऊन, त्या थांब्याला जे जे आले-गेले त्याची नोंद केली आहे. त्यामुळे एकच संप, एकच भाडेवाढ, एकच नवी गाडी निरनिराळ्या थांब्यांवरून निरनिराळी दिसते. प्रथम हा मांडणीदोष वाटला तरी वाचकाने धीर धरावा. गाड्यांच्या प्रकारांची संपूर्ण यादी येथे नाही, ती अपेक्षू नये. निवृत्त चालक-वाहकांच्या मुलाखती पुष्कळ आहेत, पण वाहनदुरुस्ती करणाऱ्या आगारातील कामगारांच्या तुलनेने थोड्या, आणि पुढील आवृत्तीत ही उणीव भरून काढावी अशी माझी सूचना आहे. सीमेपलीकडच्या कन्नडभाषक प्रवाशांच्या आठवणी मुळातून घेऊन मराठीत आणल्या आहेत, हे मात्र विशेष अभिनंदनीय.

स्मृतींत विसंगती आहेत आणि त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. गावात पहिली सरकारी गाडी केव्हा आली ह्याविषयी दोन वृद्धांची साक्ष जुळत नाही. एक म्हणतो रझाकारीच्या आधी, दुसरा छातीवर हात ठेवून सांगतो की पोलीस कारवाईनंतरच. संकलनकर्त्यांनी दोघांचेही म्हणणे शेजारी शेजारी छापले आहे. वर्षाबद्दल त्यांचा वाद मिटलेला नाही, पण गाडी वेशीबाहेरच्या वडाखाली उभी राहिली, बायांनी तिच्या चाकांवर पाणी घातले आणि वाहकाने त्या दिवशी पोरांना मोडापर्यंत नेऊन आणले, ह्यावर दोघेही एकमताने माना डोलावतात.

मुरुम, जि. धाराशिव